प्रतिकारशक्ती : एक शब्द आणि काही विकरे

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठी शिकवणाऱ्या माणसाने शताब्दीच्या व्यासपीठावरून एखाद्या कवीविषयी किंवा कादंबरीकाराविषयी बोलावे, ही आपली अपेक्षा रास्त आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘प्रतिकारशक्ती’ एवढेच सांगितले. गुजराती मुलखात मराठीने पिढ्यान्‌पिढ्या कसा तग धरला यावर मी बोलणार, असे त्यांना वाटले. त्यांचा तो समज मी त्या वेळी दूर केला नाही, याबद्दल त्यांची क्षमा मागतो. मी आज बोलणार आहे ते शरीराच्या प्रतिकारशक्तीविषयी, तिच्या पेशी वाढतात कशा आणि त्या वाढीला आवर कोण घालते याविषयी. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. तरीही हा विषय निवडण्याचे धाडस का केले, ते आधी सांगितले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला आमवात जडला. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिला मूठ मिटता येत नसे. कणीक मळणे सुटले, मग वेणी घालणे सुटले. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी लिहून दिली. ‘ही गोळी काय करते?’ असे ताईने विचारले, तेव्हा ‘तुमची प्रतिकारशक्ती थोडी कमी करते’ असे उत्तर मिळाले. हे वाक्य घरी पोचले आणि घर हादरले. आजारी माणसाची प्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची? त्यातच कोणीतरी बातमी आणली की हे मुळात कर्करोगाचे औषध आहे. घरातला शिकलेला माणूस म्हणून निर्णय माझ्याकडे आला. मी भाषेचा माणूस. मी शब्दाकडे पाहिले. प्रतिकार ही चांगली गोष्ट, शक्ती तर चांगलीच. मग ती कमी करणारे औषध चांगले कसे असेल? मी ताईला गोळी बंद करायला सांगितले आणि ताकदीची औषधे व काढे सुरू झाले. दहा महिन्यांनी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तिच्या दोन्ही हातांची बोटे करंगळीच्या बाजूला झुकली होती. गोळी पुन्हा सुरू झाली, दुखणे आटोक्यात आले. बोटे मात्र सरळ झाली नाहीत.

तो निर्णय डॉक्टरांचा नव्हता, ताईचाही नव्हता. तो माझा होता आणि एका शब्दावर उभा होता. त्यानंतर या विषयावर जे वाचायला मिळाले ते मी वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दच पाहू. इंग्रजीत ज्याला ‘इम्युनिटी’ म्हणतात त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून किंवा करातून मिळालेली सूट असा होता. आपल्या जुन्या दप्तरांत सारामाफीची जमीन असे, तशी ही माफी. देवी येऊन गेलेल्या माणसाला देवी पुन्हा होत नाहीत, त्याला त्या रोगापुरती माफी मिळाली, एवढाच त्या शब्दाचा मूळ आशय. आपण मराठीत या माफीची ‘शक्ती’ केली. आपल्या शेजारच्या गुजरातीतही ती शक्तीच आहे. शक्ती म्हटली की ती जितकी अधिक तितकी बरी, हे ओघाने आले. २०२० च्या साथीत हा शब्द घराघरांत दुमदुमला आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की, कृत्रिम श्वासोच्छ्‌वासावर ठेवलेल्या रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कमी होतात. हे औषध प्रतिकार दडपणारे आहे. गंभीर अवस्थेत पोचलेल्या त्या रुग्णांच्या शरीराचा स्वतःचा प्रक्षोभही त्यांच्या जिवावर उठला होता.

शरीर स्वतःवरच उलटू शकेल, ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सहजी पटली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन संशोधकाने, शरीर असा आत्मघात टाळतेच, असे मत मांडले. त्या मताचा दबदबा पुढे अर्धशतक टिकला. १९५६ साली नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांच्या कंठस्थ ग्रंथीचा अर्क सशांनाच टोचला, तेव्हा त्यांचे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर चालून गेलेले दिसले. त्याच वर्षी हाशिमोटोच्या रोगाने ग्रंथी सुजलेल्या माणसांच्या रक्तातही तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. आज ज्यांना आपण स्वयंप्रतिकार रोग म्हणतो, त्या आमवात, ल्युपस, मुलांमधला मधुमेह यांसारख्या रोगांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया या सुमारास पक्का झाला.

१९५७ साली फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने एक विचार मांडला, तो आजच्या विषयाचा कणा आहे. आपल्या रक्तात आणि गाठींत लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीची ओळखण्याची खूण वेगळी. एखादे जंतुद्रव्य आले की ज्या मोजक्या पेशींच्या खुणेशी ते जुळते, त्याच पेशी जाग्या होतात आणि वाढू लागतात. जागी झालेली पेशी दिवसाला दोन ते चार वेळा दुभंगते आणि हे तीन ते पाच दिवस चालते. एकीच्या हजारभर पेशी होतात. काम झाले की त्यांतल्या बहुसंख्य मरून जातात आणि थोड्या आठवण म्हणून मागे उरतात. ज्याला आपण शक्ती म्हणतो ती अशी आहे : वेळेवर होणारी प्रचंड वाढ आणि वेळेवर होणारा तितकाच मोठा अंत. आमवातात सांध्याच्या आतल्या अस्तरात अशा पेशी ठाण मांडतात. अस्तर जाड होऊन कूर्चेवर आणि हाडावर पसरते आणि ते पोखरते. ताईच्या सांध्यांत शक्तीचा तुटवडा नव्हता. तिथे वाढ थांबत नव्हती.

आता ही वाढ चालते कशाने? तिथे आपल्याला विकरांकडे वळावे लागते. ‘विकर’ हा आपल्या शालेय पुस्तकांतला शब्द. व्यवहारात आपण ‘एन्झाइम’च म्हणतो. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की गोड लागू लागतो, कारण लाळेतले विकर पिष्टाची साखर करते. पदार्थात बदल घडवून स्वतः जसेच्या तसे उरणारे आणि पुन्हा पुढच्या कामाला लागणारे हे प्रथिन. शरीराच्या कारखान्यात अशी हजारो विकरे आहेत आणि प्रत्येकाचे काम बहुधा एकच, ठरलेले. ‘एन्झाइम’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने १८७७ च्या सुमारास घडवला. ग्रीक मुळाप्रमाणे त्याचा अर्थ ‘यीस्टच्या आत’ असा होतो. यीस्ट म्हणजे पावाचे पीठ फुगवणारे किण्व. हे मुद्दाम सांगितले, कारण पुढची गोष्ट यीस्टपासूनच सुरू होते आणि तीही मुंबईत.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात विलक्षण रक्तक्षय होई आणि त्यात अनेकींचा जीव जाई. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने त्याचा शोध घेतला. प्रश्न आहाराचा आहे हे तिने ओळखले आणि प्रथम प्राण्यांवर, मग रुग्ण स्त्रियांवर यीस्टचा स्वस्त अर्क वापरून पाहिला. त्याने त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातले अज्ञात द्रव्य म्हणजे आजचे फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण झाले. आज गरोदर स्त्रियांना जी गोळी आवर्जून देतात, तिचा उगम मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या दुखण्यात आहे.

गोष्टीचा पुढचा नायकही आपल्याच देशातला. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमवरमचा. मद्रासला वैद्यक शिकून १९२३ मध्ये ते बोस्टनला गेले आणि १९४० पासून अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाची धुरा वाहू लागले. त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केल्याचे जाहीर केले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी पाहिले की रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक आम्ल दिले तर रोग उलट चेव धरतो. ज्याने रोगपेशी वाढतात ते रोखले तर? लेडर्लेत फॉलिक आम्लाचे जणू तोतये तयार झाले : प्रथम अमिनोप्टेरिन, पाठोपाठ मेथोट्रेक्सेट. फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत सोळा मुलांपैकी दहांचा रोग काही काळ मागे हटला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. वय अवघे त्रेपन्न.

तोतया म्हणण्याचे कारण असे. पेशी दुभंगायची तर आधी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते आणि त्या प्रतीसाठी प्यूरिन व पिरिमिडिन हे कच्चे घटक हवेत. ते घडवताना कार्बनचा एकेक अणू उचलून जागेवर नेऊन ठेवणारा हमाल म्हणजे फोलेट. पण हा हमाल एकदा ओझे टाकून आला की काही वेळा निकामी रूपात येतो. त्याला पुन्हा कामाला जुंपते ते एक विकर. त्याचे नाव डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. मेथोट्रेक्सेटचा चेहरामोहरा फोलेटसारखा असल्याने विकर त्यालाच फोलेट समजून धरते आणि धरल्यावर सहज सोडू शकत नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तसे होते. हमाल कामावर येत नाहीत, घटक तयार होत नाहीत, पेशीची वाढ थांबते.

१९५१ साली रिचर्ड गुबनर या अमेरिकन डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन आमवाताच्या आणि सोरायसिसच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि गुण दिसला. पण त्या सुमारास कॉर्टिसोनचा एवढा गाजावाजा होता की आमवातासाठी या औषधाकडे फारसे कोणी वळले नाही. १९८५ मध्ये काटेकोर चाचणीचे निष्कर्ष आले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मान्यता मिळाली. आज जगभर या रोगात बहुधा प्रथम हेच औषध दिले जाते. ताईची गोळी ती हीच.

‘कर्करोगाचे औषध’ ही बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. कर्करोगात काही वेळा ते ग्रॅमच्या हिशेबात देतात. आमवातात आठवड्याला सुमारे साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या लहान मात्रेत त्याचे काम पेशी मारण्याचे उरत नाही. ते आणखी एका विकराला अडवते, त्यामुळे पेशींबाहेर अडेनोसिन नावाचे द्रव्य वाढते आणि अडेनोसिन हे दाह शमवणारे आहे. म्हणूनच डॉक्टर त्याच रुग्णाला फॉलिक आम्लाची गोळीही देतात. त्याने तोंड येणे, मळमळ यांसारखे उपद्रव कमी होतात आणि मूळ गुण बहुतांशी टिकतो. एका हाताने अडवायचे आणि दुसऱ्या हाताने द्यायचे, हा विरोधाभास मला बरीच वर्षे उमगला नव्हता.

आता कोणीही विचारील की शरीरात वाढणाऱ्या पेशी तर अनेक आहेत. मग नेमक्या लसिकापेशींनाच आवर घालता येईल का? या प्रश्नाचे उत्तर आजारी मुलांनी दिले. पेशीला प्यूरिन दोन वाटांनी मिळते. एक वाट जुन्या साड्यांच्या गोधडीसारखी : मोडलेल्या डीएनएचे तुकडे पुन्हा वापरायचे. दुसरी वाट सूत कातून नवे कापड विणण्याची. १९७२ मध्ये एलोइझ गिब्लेट या अमेरिकन डॉक्टरांनी दोन मुलींची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्यात प्यूरिनच्या व्यवहारातले अडेनोसिन डीअमिनेज हे विकर नव्हते आणि प्रतिकार करणाऱ्या पेशीही दुबळ्या होत्या. एका विकराच्या अभावी अख्खी प्रतिकारव्यवस्था कोसळू शकते, याचा तो पहिला दाखला. उलट लेश-नायहान नावाच्या आजारात गोधडीच्या वाटेवरचे विकर जन्मतःच नसते. त्या मुलांच्या मेंदूवर दारुण परिणाम होतो, पण त्यांच्या लसिकापेशींचे काम जवळपास ठीक चालते. अँथनी अॅलिसन आणि एल्सी युगी या संशोधकांनी या दोन दुर्दैवांतून अर्थ काढला : बाकीच्या बऱ्याच पेशींचे गोधडीवर भागते, लसिकापेशींना मात्र नवे कापडच लागते. मग विणकाम अडवले तर मुख्यतः त्यांचीच वाढ अडेल.

ते अडवणारे द्रव्य कपाटात पडूनच होते. इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी १८९३ मध्येच ते एका बुरशीत ओळखले होते. त्यापासून तयार केलेले मायकोफेनोलेट हे औषध, नव्या प्यूरिनच्या वाटेवर इनोसिन मोनोफॉस्फेट डीहायड्रोजनेज नावाचे जे विकर आहे, त्याला रोखते. १९९५ साली मूत्रपिंडाच्या रोपणानंतर वापरण्यासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आलेल्या रुग्णांनाही ते देतात. तीच युक्ती पिरिमिडिनच्या वाटेवर लेफ्लुनोमाइड करते. स्वस्थ लसिकापेशीला जुन्या साठ्यावर भागवता येते, पण जागी होऊन दुभंगू लागली की तिला पिरिमिडिन कित्येक पटींनी लागते. लेफ्लुनोमाइड तिथले विकर अडवते. निजलेल्या पेशीला त्याचा फारसा उपसर्ग नाही. धावू लागलेलीचा पाय अडकतो. आमवातासाठी १९९८ मध्ये ते अमेरिकेत आले.

ही झाली कच्च्या मालाची विकरे. त्याआधी पेशीला ‘वाढ’ असा हुकूम मिळावा लागतो आणि तो हुकूमही विकरेच पोचवतात. पेशीच्या बाहेर आलेला निरोप आत नेताना कायनेज नावाची विकरे प्रथिनांवर फॉस्फेटची जणू मोहोर उमटवत जातात आणि फॉस्फेटेज नावाची विकरे ती पुसत जातात. मोहोर उमटली की हुकूम चालू, पुसली की बहुधा बंद. यांतल्या एका घराण्याला जॅनस या रोमन द्वारदेवतेचे नाव दिले आहे. त्या देवाला दोन तोंडे, या विकरांत दोन सारखे भाग. त्यांतले तिसऱ्या क्रमांकाचे विकर जन्मतः नसलेली मुले संसर्गांपुढे हतबल असतात, हे १९९५ मध्ये उघड झाले. जे नसले की प्रतिकार उभाच राहत नाही, ते थोडे दाबले तर अतिरेकी प्रतिकार शमेल, हा तर्क फळाला आला आणि २०१२ मध्ये टोफासिटिनिब हे औषध आमवातासाठी मान्य झाले. २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यावर हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांबद्दल कडक इशाराही छापायला लावला. आपल्याकडे अशी औषधे सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षयाचा जंतू लपून बसलेला नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक असते. मी प्रतिकाराच्या विरुद्ध बोलत नाही, हे यावरून ध्यानी यावे. लगाम फार खेचला तर घोडा कोसळतो.

वाढीइतकाच महत्त्वाचा आहे अंत. लढाई संपली की लसिकापेशींनी मरायचे असते आणि तेही विकरांकरवीच. कॅस्पेज नावाची विकरे पेशीला आतून शिस्तीने मोडतात, आसपास दाह न होऊ देता. मरणाचा हा निरोप स्वीकारणारे फॅस नावाचे प्रथिन बिघडलेले असले तर काय होते, हेही १९९५ मध्ये काही मुलांत दिसले : गाठी आणि प्लीहा सुजलेली, लसिकापेशींची दाटी आणि शरीर स्वतःच्याच रक्तपेशी मारू लागलेले. वेळेवर न मरणारे सैन्य आपल्याच गावात लूटमार करते, याहून त्याचा वेगळा अर्थ नाही. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्कॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले तेही आवर घालणाऱ्या लसिकापेशींच्या शोधासाठीच. शरीराने संयमासाठी स्वतंत्र पेशी राखून ठेवल्या आहेत.

श्रोतेहो, इथवर ऐकून कोणाला वाटेल की विकर कळले, औषध कळले, आता रुग्णागणिक विचार कशाला? पण माणसामाणसांत विकरे सारखी नसतात. जर्ट्रूड एलिअन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी घडवलेले अझाथायोप्रिन हे असेच एक जुने, मोलाचे औषध. त्या दोघांना १९८८ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ते शरीरातून निकामी करणारे एक विकर युरोपीय वंशाच्या सुमारे तीनशे माणसांत एकाला जवळजवळ नसते. त्याला नेहमीची मात्रा दिली तर अस्थिमज्जा कोलमडते. आशियाई लोकांत असाच धोका दर्शवणारा दुसऱ्याच विकराचा फरक २०१४ मध्ये सापडला आणि आपल्या देशात तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. एकाला लागू पडलेली गोळी शेजाऱ्याने विचारून घेऊ नये, या जुन्या शहाणपणाला हा आधार आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? पेशीतलेच एक विकर त्या औषधाला मागे शेपट्या जोडते आणि शेपटी लागलेले औषध पेशीत दीर्घकाळ अडकून राहते. म्हणून एकदा घेतलेले आठवडाभर पुरते. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द नीट न वाचल्यामुळे किंवा न कळल्यामुळे ते रोज घेतले गेले आणि माणसे दगावली, असे अनेक देशांत घडले आहे. घरात कोणी हे औषध घेत असेल तर पाकिटावर वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहावा. ते गरोदरपणात घेऊ नये, मद्यपान टाळावे, रक्ताची आणि यकृताची तपासणी सांगितल्या वेळी करावी. आणि औषध नकोसे वाटले तर डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. घरातल्या शिकलेल्या माणसाला विचारून घेऊ नये. हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो.

आता समारोपाकडे वळतो. याच शहरात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी शेजारी ठेवून शासनशब्दकल्पतरू सिद्ध करवला, त्याचे प्रकाशन १९३१ मधले. कारभार लोकांना त्यांच्या शब्दांत कळावा, ही त्यामागची दृष्टी. शब्द नीट असला तर अर्ज योग्य ठिकाणी पोचतो आणि चुकीचा असला तर माणूस दारोदार फिरतो, हे त्या राजाला ठाऊक होते. शरीराच्या कारभारालाही ते लागू आहे.

‘प्रतिकारशक्ती’ हा रुळलेला शब्द भाषेतून काढून टाकावा असा माझा आग्रह नाही; तो निघणारही नाही. पण बोलताना, शिकवताना, निदान आजाऱ्याला समजावताना ‘प्रतिकारव्यवस्था’ असे म्हणून पाहावे, एवढे मी सुचवतो. शक्ती कमी झाली की वाढवायची, हाच एक विचार सुचतो. व्यवस्था म्हटले की ती बिघडू शकते हे कळते, कोणती कळ जास्त फिरली आणि कोणती अडकली असा प्रश्न पडतो, आणि ती नीट लावणारे औषध शत्रू वाटत नाही. त्या काळी माझ्याजवळ हा एक शब्द असता तर मी ताईला वेगळे उत्तर दिले असते.

या वाचनालयाने शंभर वर्षे आपल्याला कथा, कविता, इतिहास पुरवला. पुढच्या वर्षांत वाचनकक्षात एक फळी आरोग्यावरच्या विश्वसनीय मराठी पुस्तकांसाठी राखावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. भीतीने भरलेल्या घरातून कोणी धावत इथे आले, तर त्याला अफवेऐवजी दोन पाने वाचायला मिळावीत.

ताई आज सभागृहात दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्या गोळ्यांच्या पाकिटावर माझ्या अक्षरात ‘रविवार’ असे लिहिलेले आहे. तिची बोटे वाकडी आहेत, पण गेल्या दिवाळीत चकल्या तिनेच पाडल्या. तिने मला कधी बोल लावला नाही. ते काम मी स्वतःच करत आलो आणि आज आपल्यासमोर केले.